केर्न्समधील बॅकपॅकर हॉस्टेल आणि तिथल्या रात्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाकडील केर्न्स शहरात मी दोन हंगाम हॉस्टेलांत काढले. त्यानंतर पुणे, नाशिक, मेलबर्न आणि सिडनी येथून मराठी मुलामुलींचे, आणि त्याहून अधिक त्यांच्या पालकांचे, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते येथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचा उल्लेख दोन ठिकाणी येत असेल तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. केर्न्समध्ये एवढे बॅकपॅकर का जमतात? शहर तर लहानसेच दिसते.

शहर लहानच आहे, परंतु बॅकपॅकरांसाठी, म्हणजे पाठीवर पिशवी घेऊन कमी खर्चात फिरणाऱ्या प्रवाशांसाठी, ते मोक्याच्या जागी वसले आहे. समोरच्या समुद्रात ग्रेट बॅरियर रीफ ही प्रवाळांची विशाल रांग आणि पाठीमागच्या डोंगरांत वेट ट्रॉपिक्सचे वर्षावन अशी दोन जागतिक वारसास्थळे (अनुक्रमे १९८१ आणि १९८८ पासून) येथून एका दिवसात पाहून परत येता येते. दुसरे कारण रस्त्याचे आहे. ब्रिस्बेनहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे येणारा सुमारे १,७०० किलोमीटरचा बॅकपॅकरांचा नेहमीचा मार्ग येथे संपतो, किंवा विमानाने आधी येथे उतरणाऱ्यांसाठी येथून सुरू होतो. त्यामुळे एकाच डॉर्ममध्ये (अनेकांच्या सामायिक खोलीत) प्रवास संपवून खिसा रिकामा झालेला आणि कालच उतरलेला, उत्साहाने भरलेला, असे दोघे शेजारी झोपलेले आढळतात, आणि इथल्या रात्रींचा रंग बराचसा या जोडीमुळे ठरतो.

उच्चाराबद्दलही विचारणा होते. मराठीत आपण केर्न्स लिहितो, पण स्थानिक माणूस मधला र जवळजवळ गिळून टाकतो. १८७६ मध्ये वसवलेल्या या शहराला क्वीन्सलंडचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम केर्न्स यांचे नाव दिले गेले. येथील मूळ यिडिंजी लोक या जागेला गिमुय म्हणतात.

२. हॉस्टेल म्हणजे आपल्याकडचे वसतिगृहच ना? घरी काय सांगावे?

वसतिगृह हा शब्द वापरला की घरच्यांच्या डोळ्यांसमोर रेक्टर, हजेरी आणि मेसचे वेळापत्रक येते, आणि यातील एकही गोष्ट येथे नसते. बॅकपॅकर हॉस्टेल ही स्वस्त निवासाची जागा असून तेथे संपूर्ण खोलीऐवजी एक पलंग भाड्याने मिळतो. चार, सहा, आठ किंवा त्याहून अधिक जणांच्या खोलीत दोनमजली पलंग, प्रत्येकाला एक लॉकर, सामायिक स्नानगृह आणि सामायिक स्वयंपाकघर अशी रचना असते. डॉर्म बहुतेक वेळा मिश्र असते, फक्त स्त्रियांसाठीचे डॉर्मही अनेक ठिकाणी असते, आणि जास्त पैसे मोजल्यास दोघांची स्वतंत्र खोलीही मिळू शकते. लॉकरचे कुलूप स्वतःचे न्यावे, आणि शौचालयात पाण्याऐवजी कागद असतो हे आधीच मान्य करून जावे. नळाचे पाणी मात्र थेट पिण्याजोगे असते.

३. मिश्र डॉर्ममध्ये मुलीने एकटीने राहणे कितपत सुरक्षित आहे?

एकट्या प्रवास करणाऱ्या मुली ही हॉस्टेलांतील नेहमीची गोष्ट आहे, आणि मिश्र डॉर्म म्हणजे आपोआप धोका असे नाही. तरीही पहिले दोन-तीन दिवस स्त्रियांच्या डॉर्ममध्ये काढून माणसे आणि जागा पारखावी, हे मी निःसंकोचपणे सांगतो. खालच्या पलंगाला ओढणी किंवा मोठा टॉवेल वरून खोचून पडदा करता येतो. खोलीतील कोणाचे वर्तन खटकले तर समजूत घालत बसू नये, थेट रिसेप्शनवर जाऊन पलंग बदलून मागावा. पलंग बदलून देणे हे त्यांचे रोजचे काम आहे आणि त्यासाठी पुरावा द्यावा लागत नाही. रिसेप्शन रात्री बंद होत असल्यास रात्रपाळीचा क्रमांक कोणता, हे आरक्षणापूर्वी विचारून घ्यावे.

४. हॉस्टेल निवडताना छायाचित्रांपलीकडे काय पाहावे?

सर्वांत आधी ‘आपल्याला झोप हवी आहे का’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर स्वतःला द्यावे. ग्राफ्टन स्ट्रीटवरील गिलिगन्ससारख्या मोठ्या हॉस्टेलात बार, नाइटक्लब आणि पोहण्याचा तलाव एकाच आवारात आहेत. तेथे पलंग घेऊन रात्री गोंगाट होतो अशी तक्रार करणे म्हणजे यात्रेत तंबू ठोकून ढोल वाजतात म्हणून रुसण्यासारखे आहे. शहराच्या मध्यापासून दहा-पंधरा मिनिटे चालण्याच्या अंतरावर, जुन्या लाकडी घरांत चालणारी शांत हॉस्टेलेही आहेत.

दुसरी बाब वातानुकूलनाची. काही ठिकाणी ते केवळ रात्रीच चालू असते, काही ठिकाणी त्यासाठी नाणी टाकावी लागतात, आणि उन्हाळ्याच्या दमट दुपारी हा फरक फार मोठा ठरतो. तिसरी बाब स्वयंपाकघर किती वाजता बंद होते ही असून तिचा विचार प्रश्न ६ मध्ये केला आहे.

५. स्वस्त हॉस्टेलात आग लागली तर? आईने कुठेतरी वाचले आहे.

आईने बहुधा चिल्डर्सबद्दल वाचले असावे. २३ जून २००० रोजी क्वीन्सलंडमधीलच, परंतु केर्न्सपासून खूप दक्षिणेकडील चिल्डर्स या गावी पॅलेस बॅकपॅकर्स हॉस्टेलला लावलेल्या आगीत १५ तरुण प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यांतील अनेक जण फळतोडणीच्या कामासाठी आलेले होते आणि इमारतीतील धोक्याची सूचना देणारी यंत्रणा त्या रात्री चालत नव्हती. या दुर्घटनेनंतर क्वीन्सलंडने स्वस्त निवासी इमारतींसाठी अग्निसुरक्षेचे नियम कडक केले. खोलीच्या दारामागे बाहेर पडण्याचा नकाशा आणि छतावर धूरसूचक यंत्र असते ते त्यामुळेच. पहिल्या दिवशी सामान टाकल्यावर जिन्यापर्यंत एकदा चालून यावे, आणि धूरसूचकावर मोजा चढवणारा सहनिवासी दिसला तर त्याच्याशी मैत्री बिघडली तरी हरकत नाही.

६. मी शाकाहारी आहे. सामायिक स्वयंपाकघरात निभाव लागेल का?

लागतो. त्यासाठी एक लहान कढई किंवा पातेले, एक सुरी आणि एक चमचा स्वतःचा असावा, कारण सामायिक तव्यावर सकाळी बेकन भाजलेले असते आणि तो धुतला म्हणजे नेमके काय केले, याविषयी जगभरातील तरुणांच्या कल्पना निरनिराळ्या असतात. फ्रिजमध्ये ठेवलेल्या प्रत्येक पिशवीवर नाव आणि हॉस्टेल सोडण्याची तारीख लिहावी लागते. तारीख उलटलेली पिशवी साफसफाईच्या वेळी फेकली जाते किंवा ‘कोणीही घ्या’ या फळीवर जाते. त्या फळीवर तांदूळ, पास्ता, मीठ आणि अर्धी तेलाची बाटली बहुधा सापडतेच. शुक्रवार ते रविवार भरणाऱ्या रस्टीज मार्केटमध्ये पपई, आंबे, मिरच्या आणि पालेभाज्या ताज्या मिळतात, आणि रविवारी बाजार उठण्याच्या सुमारास भाव उतरतात.

फोडणीबाबत मात्र गांभीर्याने सांगायचे आहे. माझ्या पहिल्या आठवड्यात मी वरणासाठी तेल तापवले, मोहरी तडतडली, सुक्या मिरच्या टाकल्या आणि क्षणात साऱ्या इमारतीत भोंगा सुरू झाला. रात्री साडेनऊला अंगावर टॉवेल गुंडाळलेले साठ-सत्तर लोक रस्त्यावर उभे होते आणि मी हातात झारा घेऊन त्यांच्यात होतो. धूरसूचक यंत्रणा अग्निशमन दलाशी जोडलेली असेल तर विनाकारण आलेल्या बंबाचे शुल्क इमारतीच्या चालकाला लागू शकते आणि तो ते पाहुण्याकडून वसूल करू पाहतो. माझ्या वेळी व्यवस्थापक केवळ रागावून थांबला, हे माझे नशीब. तेव्हापासून मी फोडणी मंद आचेवर, खिडकीजवळच्या शेगडीवर, पंखा चालू करून आणि मिरच्या सर्वांत शेवटी घालून करतो.

७. घरून लोणचे, मसाले आणि लाडू नेले तर चालतील का?

ऑस्ट्रेलियात प्रवेश करताना भरावयाच्या कार्डावर खाद्यपदार्थ जाहीर करणे बंधनकारक आहे. जाहीर केलेला पदार्थ अधिकाऱ्याने तपासून ठेवून घेतला तरी दंड होत नाही. लपवलेला पदार्थ सापडला तर मात्र मोठा दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. दुधापासून बनवलेली मिठाई, बिया आणि ताजी फळे-भाज्या यांवर बंधने असल्याने ती नेण्याच्या भानगडीत पडू नये. कारखान्यात बंद केलेली, लेबल असलेली मसाल्यांची पाकिटे जाहीर करून नेणे त्यातल्या त्यात सोपे जाते. आजीने डब्यात भरून दिलेल्या मसाल्याचे स्पष्टीकरण इंग्रजीत देणे अवघड जाते, हे अनुभवाने सांगतो.

८. रात्री लोक नेमके कोठे जातात, आणि सारे केव्हा बंद होते?

ग्राफ्टन, लेक, शील्ड्स, स्पेन्स आणि अॅबट या चार-पाच रस्त्यांच्या चौकटीत बहुतेक सारे येते आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायला पाव तासही लागत नाही. संध्याकाळ एस्प्लनेड या समुद्राकाठच्या रस्त्यावरील नाइट मार्केट्समध्ये स्वस्त जेवणाने सुरू होते, नंतर मंडळी हॉस्टेलच्या बारमध्ये बसतात, आणि दहाच्या पुढे गिलिगन्स किंवा टेबलांवर चढून नाचण्याच्या प्रथेसाठी ओळखल्या जाणाऱ्या वूलशेडसारख्या ठिकाणी जातात. काही हॉस्टेले सर्वांना मनगटपट्टी बांधून एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये नेणारी फेरी काढतात; नवख्याला ओळखी करून घेण्यास ती सोयीची असली तरी तिकिटात समाविष्ट असलेली पेये बहुतेक पातळ आणि गोड असतात.

क्वीन्सलंडच्या कायद्यानुसार २०१६ पासून केर्न्सच्या मध्यभागासारख्या घोषित सुरक्षित रात्र-क्षेत्रांत मद्यविक्री साधारणपणे पहाटे ३ पर्यंत आणि इतरत्र २ पर्यंत चालते, आणि मध्यरात्रीनंतर झटपट नशा आणणारी ‘शॉट’ प्रकारची पेये दिली जात नाहीत. नशेत असलेल्या ग्राहकाला मद्य देणे बारचालकासाठी गुन्हा असल्याने ‘आता तुम्हाला मिळणार नाही’ असे सांगितले गेले तर तो अपमान समजू नये आणि वादही घालू नये, कारण पुढची पायरी दाराबाहेरची असते.

९. आधार कार्ड किंवा पासपोर्टचा मोबाइलमधील फोटो दाखवून आत जाता येते का?

दोन्ही चालत नाहीत. मद्यपानाचे किमान वय १८ आहे आणि २०१७ पासून या रात्र-क्षेत्रांतील उशिरापर्यंत चालणाऱ्या अनेक ठिकाणी दारातच मूळ ओळखपत्र यंत्राने स्कॅन केले जाते. कोणावर प्रवेशबंदी आहे का हे त्यातून पाहिले जाते आणि ही माहिती ३० दिवसांनी पुसली जाणे अपेक्षित असते. त्यामुळे चाळिशीतल्या माणसाकडूनही ओळखपत्र मागितले जाते.

पासपोर्ट सर्वत्र ग्राह्य आहे, पण रात्री तीन वाजता नाचून परतताना पासपोर्ट हरवणे ही सुट्टी संपवणारी गोष्ट आहे. छायाचित्र आणि जन्मतारीख असलेला परदेशी वाहन परवानाही कायद्याने चालतो. तो इंग्रजीत नसेल तर सोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. झिजलेले, छायाचित्र पुसट झालेले आपल्याकडचे परवाने दारावरचा माणूस नाकारू शकतो. म्हणून पहिल्या रात्री दोन्ही न्यावेत, परवाना चालतो असे दिसल्यास पुढच्या रात्रींना पासपोर्ट लॉकरमध्ये ठेवावा. दीर्घकाळ राहणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील वय-ओळखपत्र काढून घेणे उत्तम.

१०. गोव्यासारखे किनाऱ्यावर बसून बिअर पिता येईल का?

नाही, आणि यात दोन गैरसमज एकत्र आहेत. पहिला, केर्न्स शहराला वाळूचा किनाराच नाही. एस्प्लनेडसमोर ओहोटीच्या वेळी दूरवर चिखल पसरलेला दिसतो आणि वाळूसाठी ट्रिनिटी बीच किंवा पाम कोव्हला बसने जावे लागते. दुसरा, क्वीन्सलंडमध्ये विशेष परवानगी दिलेली जागा वगळता रस्ता, उद्यान आणि किनारा अशा सार्वजनिक ठिकाणी मद्यपान हा दंडनीय अपराध आहे. सुपरमार्केटमध्येही मद्य मिळत नाही, त्यासाठी ‘बॉटल शॉप’ नावाचे वेगळे दुकान असते. गोव्यात शॅकवर पाय वाळूत रुतवून बसण्याची सवय असलेल्यांना हे रुक्ष वाटते, परंतु सकाळी एस्प्लनेडवर चालताना फुटक्या बाटल्या लागत नाहीत, याचे श्रेयही त्यालाच जाते.

११. सगळे ज्याच्याविषयी हसत बोलतात ते ‘गून’ काय असते?

पुठ्ठ्याच्या खोक्यात, तोटी असलेल्या चंदेरी पिशवीत भरलेली स्वस्त वाइन. खोक्यातील वाइनची कल्पना १९६५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात पुढे आली आणि आज हे बॅकपॅकरांचे राष्ट्रीय पेय मानावे अशी स्थिती आहे. पिशवी संपली की फुगवून तिची उशी करतात. कपडे वाळवण्याच्या फिरत्या दांडीला पिशवी टांगून ती फिरवायची आणि ज्याच्यासमोर थांबेल त्याने घोट घ्यायचा, असा खेळही चालतो.

ग्लासात किती मद्य जाते याचा अंदाज या प्रकारात पूर्णपणे सुटतो, ही खरी अडचण आहे. ऑस्ट्रेलियात एक ‘प्रमाणित पेय’ म्हणजे १० ग्रॅम मद्यार्क. बारमधील ४२५ मिलीलिटरचा नेहमीच्या बिअरचा ग्लास सुमारे १.६ प्रमाणित पेये भरतो, तर चार लिटरच्या गूनमध्ये अशी तीस किंवा अधिक पेये असतात आणि ती मोजायला कोणीही नसते. स्वतःचा बार असलेल्या हॉस्टेलांत बाहेरचे मद्य आणण्यास सहसा मनाई असते. काटेकोर शाकाहाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की वाइन निवळण्यासाठी अंडी, दूध किंवा माशांपासून मिळणारे पदार्थ वापरले जातात, लेबल वाचावे.

१२. मी पीत नाही. मग एकटा पडेन का?

बारमध्ये कदाचित पडाल. स्वयंपाकघरात पडणार नाही. माझ्या ज्या ओळखी आजवर टिकल्या, त्या सगळ्या कांदा चिरताना आणि भांडी घासण्याच्या रांगेत झालेल्या आहेत. हातात लिंबू घातलेला सोड्याचा ग्लास असला की कोणी विचारतही नाही. याशिवाय पत्त्यांचे डाव, नाइट मार्केटमधील फेरफटका, एस्प्लनेडवरील सार्वजनिक बार्बेक्यू (हे फुकट वापरता येतात, मक्याची कणसे झकास भाजली जातात) आणि दुसऱ्या दिवशीच्या सहलीची आखणी, यांत रात्र सहज जाते.

१३. रात्रभर पार्टी करून सकाळी रीफच्या बोटीवर जाता येईल का?

जाता येते आणि बरेच जण जातातही. त्यांना बोटीच्या मागच्या कठड्याजवळ ओळखता येते. बोटी सकाळी आठच्या आसपास सुटतात, बाहेरच्या रीफपर्यंत दीड-दोन तास लागतात आणि समुद्र खवळलेला असेल तर आदल्या रात्रीचा हिशेब तेथे चुकता होतो. स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणे) करायचे असल्यास हा केवळ मळमळीचा प्रश्न राहत नाही. मद्यामुळे शरीरातील पाणी कमी होते आणि डीकम्प्रेशनच्या विकाराचा (खोलवरून वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचा) धोका वाढतो, त्यामुळे नशा न उतरलेल्या माणसाला प्रशिक्षक पाण्यात उतरवत नाहीत, आणि पैसे परत मिळण्याची आशाही धरू नये. रीफचा दिवस आधी ठरवावा आणि त्याच्या आदल्या रात्री दहाला झोपावे.

एक अपवाद अनेकांच्या ध्यानात येत नाही: डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचे नसते. एकाहून अधिक डाइव्ह केल्यास किमान १८ तास थांबावे, आणि अनेक चालक २४ तास सांगतात. हेच बंधन विमानातून उडी मारण्याच्या स्कायडायव्हिंगलाही लागू होते, म्हणून तो कार्यक्रम रीफच्या आधी ठेवावा.

१४. रात्री समुद्रात डुंबायला जाऊया, असे मित्र म्हणतात. काय करावे?

नकार द्यावा. शहरालगतची ट्रिनिटी इनलेट ही खाडी आणि आसपासच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यातील मगरी असतात आणि त्या अंधारात अधिक हालचाल करतात. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात विषारी जेलीफिशची भर पडते. बॉक्स जेलीफिश तर आहेच, शिवाय इरुकांजी हा जेमतेम सेंटीमीटरभर आकाराचा प्रकार आहे. केर्न्सच्या उत्तरेकडील मूळ लोकसमूहाच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. त्याचा दंश प्रथम किरकोळ वाटतो आणि अर्ध्या तासाने कंबरेत व पोटात असह्य कळा सुरू होतात. या मोसमात दिवसाही जाळी लावलेल्या, जीवरक्षक असलेल्या भागातच पोहावे. दंश झाल्यास भरपूर व्हिनेगर ओतून ००० या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा.

चिखल, मगरी आणि जेलीफिश या त्रयीमुळेच एस्प्लनेडवर २००३ मध्ये ४,८०० चौरस मीटरचा खाऱ्या पाण्याचा कृत्रिम लगून (पोहण्याचा तलाव) बांधण्यात आला. तो विनामूल्य आहे, रात्री बंद होतो, आणि तेथेही मद्य नेता येत नाही.

१५. पावसाळ्यात जाणे शहाणपणाचे आहे का?

साधारण डिसेंबर ते मार्च या काळात पलंग स्वस्त असतात आणि गर्दी कमी असते, पण दमटपणा कोकणातल्या जूनची आठवण करून देतो आणि टॉवेल तीन दिवस वाळत नाही. चक्रीवादळाचा धोका खरा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर वादळानंतरच्या अतिवृष्टीने केर्न्सचा विमानतळही बंद पडला होता. परतीचे तिकीट बदलता येण्याजोगे घ्यावे.

१६. घोरणारे आणि ढेकूण यांचे काय?

घोरण्यावर कानात घालायचे बोळे हा एकच उपाय आहे. ढेकणांसाठी पाच मिनिटे द्यावीत: पिशवी पलंगावर न टाकता आधी स्नानगृहाच्या फरशीवर ठेवावी, चादर उचलून गादीच्या शिवणीवर आणि पलंगाच्या फळ्यांच्या सांध्यांत मोबाइलचा प्रकाश टाकावा, आणि शाईसारखे काळे ठिपके दिसले तर खोली बदलून मागावी. कपड्यांत ते आल्याची शंका असल्यास कपडे धुण्यापेक्षा ड्रायरच्या सर्वाधिक उष्णतेत फिरवणे परिणामकारक ठरते.

१७. हॉस्टेलात साफसफाई करून फुकट पलंग मिळतो असे ऐकले. पर्यटक व्हिसावर हे करता येईल का?

करू नये. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा-नियमांत ज्या कामाचा एरवी मोबदला दिला जातो ते ‘काम’ मानले जाते; हातात रोख पैसे न येता पलंग मिळाला, एवढ्याने त्याचे स्वरूप बदलत नाही. पर्यटक व्हिसावर काम करण्यास मनाई आहे, आणि विद्यार्थी व्हिसावर असाल तर असे तास तुमच्या मर्यादेत धरले जाऊ शकतात.

भारतीयांसाठी २०२४ पासून ‘वर्क अँड हॉलिडे’ (उपवर्ग ४६२) व्हिसाची दारे उघडली आहेत. वय १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा, आणि इच्छुक फार असल्याने आधी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर भरून सोडतीत नाव नोंदवावे लागते. सोडतीत नाव निघाले म्हणजे व्हिसा मिळाला असे नव्हे, तर केवळ अर्ज करता येतो. या व्हिसाधारकांसाठी केर्न्सचा एक लाभ आहे: उत्तर ऑस्ट्रेलियातील पर्यटन आणि आतिथ्य क्षेत्रातील ठरावीक मुदतीचे काम दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी मोजले जाते. मात्र ते रीतसर वेतन असलेलेच हवे. पलंगाच्या बदल्यातील विनावेतन काम त्यात धरले जात नाही. पगारपत्रके जपून ठेवावीत. माझ्या एका सहनिवाशाने तीन महिने पलंगाच्या बदल्यात न्याहारीची भांडी घासली आणि अर्जाच्या वेळी त्याच्या हाती एकही कागद नव्हता.

१८. पेयात काही मिसळल्याची शंका आली, किंवा रात्री अपघात झाला तर?

विनाविलंब ०००ला फोन करावा. केर्न्स हॉस्पिटल एस्प्लनेडवरच, शहराच्या मध्यभागापासून जवळ आहे. खर्चाची बाजू आधी समजून घ्यावी: क्वीन्सलंडमधील रहिवाशांना रुग्णवाहिका विनामूल्य असली तरी परदेशी पाहुण्याला तिचे बिल येते, आणि भारताचा ऑस्ट्रेलियाशी परस्पर आरोग्यसेवेचा करार नसल्याने उपचारांचा भार विम्यावरच पडतो. नशेत असताना झालेल्या इजा अनेक विमा-करारांत वगळलेल्या असतात, तेव्हा अपवादांचे पान निघण्यापूर्वी वाचावे. तरीही बिलाच्या भीतीने मित्राला ‘झोपला की ठीक होईल’ म्हणून खोलीत एकटे सोडू नये. शुद्ध हरपलेला माणूस उताणा झोपल्यास उलटीने गुदमरू शकतो. त्याला कुशीवर वळवून कोणीतरी जवळ बसून राहावे.

१९. मी मेलबर्नमध्ये शिकतो. हॉस्टेलने ‘स्थानिकांना प्रवेश नाही’ म्हणून पलंग नाकारला तर?

काही हॉस्टेले केवळ परदेशी प्रवाशांना घेतात आणि ऑस्ट्रेलियातील पत्ता किंवा परवाना दाखवला की आरक्षण रद्द करतात. भारतीय पासपोर्ट पुढे केल्यास हा अडथळा सहसा दूर होतो, म्हणून विद्यार्थ्यांनीही तो सोबत न्यावा (रात्री तो कोठे ठेवावा हे प्रश्न ९ मध्ये आले आहे). वयाची वरची मर्यादा आणि लहान मुलांना मनाई, हेही काही ठिकाणी असते. आईवडील भेटीला येणार असतील तर त्यांना डॉर्ममध्ये ठेवण्याचा उत्साह आवरावा.

२०. खोली सकाळी दहाला सोडायची आणि विमान रात्रीचे. मधला वेळ कसा काढावा?

बहुतेक हॉस्टेले सामान ठेवण्याची खोली मोफत किंवा थोड्या शुल्कात देतात आणि विनंती केल्यास स्नानगृहही वापरू देतात. दिवस लगूनवर घालवावा. तेथे शॉवर आहेत. विमानतळ शहरापासून सुमारे सात किलोमीटरवर असल्याने दोन-तिघांत टॅक्सी केली तर खर्च वाटला जातो, आणि आदल्या संध्याकाळी हॉस्टेलच्या फळ्यावर वेळ लिहून ठेवली की जोडीदार सापडतात. घरी फोन करताना भारत साडेचार तास मागे असतो हे ध्यानात घ्यावे; केर्न्समधून सकाळी आठला केलेला फोन आईला पहाटे साडेतीनला उठवतो. उरलेले तांदूळ आणि तेल निघण्यापूर्वी ‘कोणीही घ्या’ या फळीवर (प्रश्न ६) ठेवावे.